मातीचं नाव पुढे करू नका

'बॉटल शॉक' हा रँडल मिलर यांचा चित्रपट २००८ साली आला. पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवणारा स्टीव्हन स्परियर नावाचा इंग्रज कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात जातो. तिथल्या, युरोपात कुणी नावही न ऐकलेल्या वाइन तो घेऊन येतो, फ्रेंच जाणकारांना लेबल झाकून चाखायला देतो, आणि फ्रान्स हरतो, अशी त्याची गोष्ट. ॲलन रिकमन यांनी स्परियर फार चांगला उभा केला आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शिकल्यासवरल्या, घरी अजून दहा-वीस एकर राखून असलेल्या लोकांत या चित्रपटाचा विषय निघाला की बोलणं ठरल्यासारखं एका वाक्यावर येऊन थांबतं: "ते खरं, पण तिथली माती वेगळी." त्यानंतर कुणी काही बोलत नाही. विषय संपला असं सगळे धरून चालतात. मला या वाक्याचा संताप येतो, आणि तो का येतो ते सविस्तर सांगायलाच हवं.

आधी हे मत त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. प्रत्येक मातीचा एक स्वभाव असतो, असं ही मंडळी म्हणतात. बर्गंडीची चुनखडी, बोर्दोची खडी-वाळू, तिथला हिवाळा आणि शेकडो वर्षांची परंपरा यांतून फ्रेंच वाइन घडली; ती दुसरीकडे घडणार नाही. कॅलिफोर्नियाला एकदा यश मिळालं ते योगायोगानं, पुढे चित्रपटवाल्यांनी ते फुगवलं. भारतात ऊन, त्यावर चार महिने पाऊस, वेलीला हिवाळ्याची झोप नाही. इथे होते ती नक्कल. नाशिकचा दाखला दिलात तर तो अपवाद, कारण तिथे गोदावरी आहे, धरणं आहेत, मुंबई जवळ आहे. आणि आपण? घाटाखाली कापूस, घाटावर सोयाबीन आणि तूर. आपल्या जमिनीला तेच मानवतं. शिवाय वाइन म्हणजे अखेर दारूच. तेव्हा ज्याच्या मातीत जे पिकतं ते त्यानं पिकवावं आणि सुखानं राहावं.

यातलं एकेक विधान शहाणपणाचं वाटतं. म्हणूनच ते तपासून पाहायला हवं.

चित्रपटापासून सुरुवात करतो. तो इतिहासाशी प्रामाणिक नाही, हे मान्य. त्यातली चाचणी मोकळ्या हवेत, खेड्यातल्या एका वाड्याच्या आवारात होते. खरी चाचणी पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात झाली. लाल वाइनमधला विजय चित्रपटानं जवळजवळ गाळून टाकला. ज्यानं जिंकलेली पांढरी वाइन बनवली तो माइक ग्रगिच चित्रपटात असून नसल्यासारखा आहे, आणि सगळं श्रेय मळेवाल्या बाप-लेकाच्या भांडणाला आणि समेटाला मिळतं. खुद्द स्परियर यांनाही हा चित्रपट आवडला नव्हता. पण चित्रपटानं मीठमसाला घातला म्हणून घटना खोटी ठरते का? घटना चित्रपटापेक्षा कितीतरी जास्त ठाम आहे.

२४ मे १९७६. नऊ परीक्षक, सगळे फ्रान्सच्या वाइनविश्वातले. त्यात बर्गंडीतल्या रोमाने-कोंती या सर्वांत नावाजलेल्या मळ्याचे सहमालक ओबेर द व्हिलेन होते, तूर दार्जां या प्रसिद्ध रेस्तराँमध्ये वाइनची जबाबदारी सांभाळणारे क्रिस्तियां व्हान्नेक होते, वाइनला वाहिलेल्या फ्रेंच नियतकालिकाच्या संपादक ओदेत कान होत्या. समोर दहा पांढऱ्या आणि दहा लाल वाइन, दोन्ही गटांत सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्सच्या. फ्रान्सच्या बाजूनं सामान्य बाटल्या नव्हत्या. मूतों-रॉथशिल्ड आणि ओ-ब्रियों ही फ्रेंच अभिमानाची नावं टेबलावर होती. निकाल लागला तेव्हा पांढऱ्यांत शातो मोंटेलेनाची १९७३ ची शार्दने पहिली आली आणि लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीपची १९७३ ची कॅबर्ने सोव्हिन्यों. १९७० ची मूतों-रॉथशिल्ड दुसऱ्या क्रमांकावर राहिली. ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. तिथे हजर असलेला एकमेव पत्रकार 'टाइम'चा जॉर्ज टेबर. त्यानं नोंदवून ठेवलं आहे की रेमों ऑलिव्हिए या नामवंत शेफनं एक पांढरी वाइन चाखली आणि आता कुठे फ्रान्सला परतलो, असं समाधानानं म्हटलं. ती वाइन नापाची होती.

माती वेगळी म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न इथेच आहे. आयुष्यभर फ्रेंच मातीच्या गुणांवर लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या, तीच विकून जगणाऱ्या नऊ माणसांना लेबल झाकल्याबरोबर ती माती ओळखता का आली नाही? ज्या फरकाच्या आधारावर आपण दुसऱ्याला कायमचं बाद ठरवतो, तो फरक जिभेला कळत नसेल, तर तो नेमका राहतो कुठे?

आणि जिंकलेली माणसं कोण होती ते पाहा. स्टॅग्ज लीपचे वॉरन विनियार्स्की शिकागो विद्यापीठात शिकवत होते. ते सोडून १९६४ साली ते बायकामुलांसह नापात आले, दुसऱ्यांच्या कारखान्यांत कामं करत शिकले आणि १९७० साली त्यांनी स्वतःची जमीन घेतली. ज्या कॅबर्नेनं मूतोंला मागे टाकलं तिच्या वेली अवघ्या तीन वर्षांच्या होत्या. तीन वर्षं! शेकडो वर्षांच्या परंपरेशिवाय काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. माइक ग्रगिच क्रोएशियातल्या खेड्यात जन्मले आणि १९५८ साली कॅलिफोर्नियात पोचले. जवळ पैसा नव्हता, होती ती घरच्या वाइनची आणि पुढच्या शिक्षणाची शिदोरी. या माणसांची माती त्यांच्या बापजाद्यांचीही नव्हती.

निकालानंतर फ्रान्समधून उत्तर आलं, आणि ते ऐकलं की मला आमच्याच चौकातलं बोलणं आठवतं. कॅलिफोर्नियाची वाइन तरुणपणी चांगली लागते, पण ती टिकणार नाही. खरी परीक्षा काळाची असते. ठीक आहे. काळाचीही परीक्षा झाली. ३० वर्षांनी, २००६ साली, त्याच लाल वाइन पुन्हा उघडल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे आले. अव्वल आली रिज मोंटे बेलोची १९७१ ची वाइन. म्हणजे आधी म्हणायचं जमणार नाही; जमलं तर म्हणायचं टिकणार नाही; टिकलं तर म्हणायचं तो अपवाद. असल्या मताला पुरावा कधी पुरेल?

आता खुद्द मातीकडे येतो, कारण सगळी भिस्त तिच्यावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं उद्ध्वस्त केल्या. अमेरिकेतून आणलेल्या वेलींसोबत ती आली होती आणि मुळं पोखरत पुढे सरकत होती. औषधं झाली, शेतात पाणी तुंबवून झालं, पण सगळीकडे चालेल असं काही सापडलं नाही. अखेर उपाय सापडला तो कलमाचा: खाली अमेरिकेतल्या रानटी द्राक्षाचं मूळ, वर फ्रेंच जातीची काडी. टेक्सासमधल्या डेनिसन गावच्या टी. व्ही. मन्सन या माणसानं या खुंटांच्या कामात इतकी मदत केली की फ्रान्सनं १८८८ साली त्याचा सन्मान केला. तेव्हापासून आजवर बर्गंडी आणि बोर्दोतल्या बहुतेक सगळ्या वेली अमेरिकी मुळांवर उभ्या आहेत. फ्रेंच वेल फ्रेंच मातीला स्वतःच्या मुळानं स्पर्शही करत नाही. आणि आपल्याकडे? नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांत जो डॉगरिजचा खुंट लावतात तोही टेक्सासच्याच रानटी द्राक्षातून आला. पाणी कमी आणि खारट असलं तरी तो तग धरतो, म्हणून आपल्या बागायतदारांनी तो स्वीकारला. वाइनच्या बागांत वापरतात त्या ११० आर खुंटाचे आईबापही अमेरिकी रानवेलीच. बोर्दोचा मळा आणि दिंडोरीचा मळा मुळापाशी एकमेकांचे नातेवाईक आहेत.

माती काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. निचरा, खोली, चुना, क्षार यांचा वेलीवर परिणाम होतोच. कुठलाही बागायतदार ते जाणतो. पण जिला देवाची देणगी म्हणून पुजलं जातं ती बोर्दोतल्या मेदोकची जमीन सतराव्या शतकात बरीचशी दलदल होती. डच अभियंत्यांनी चर खणून तिचं पाणी काढलं, खाली दबलेली खडी उघडी पडली आणि मग तिथे मळे आले. लाफीत, मूतों ही नावं त्याच मेदोकची. ज्या १८५५ च्या प्रतवारीचा आजही जप चालतो ती प्रतवारी मातीचे नमुने तपासून झालेली नाही. बोर्दोच्या दलालांनी त्या त्या मळ्याच्या वाइनला मिळणाऱ्या बाजारभावावरून ती लावली. त्या यादीत मूतों-रॉथशिल्ड दुसऱ्या वर्गात होतं. १९७३ साली ते पहिल्या वर्गात गेलं, तेही फिलिप द रॉथशिल्ड यांनी अनेक दशकं पाठपुरावा केल्यानंतर, आणि आदेशावर सही होती तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांची. त्या वर्षी मूतोंची माती बदलली होती का? बदलला तो सरकारी कागद. त्याच्या पाठीमागे एका माणसाची जिद्द होती.

मग हवामान. इथे तरी आपण हरलो असं लोकांना खात्रीनं वाटतं, कारण उन्हाळा सगळ्यांना अंगावर कळतो. पण वेलीला मे महिन्याच्या उन्हात घड धरायला लावतो कोण? आपला बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी घेतो. त्या फुटव्यातून पावसाळाभर काडी तयार होते, तिच्यात घडाची गर्भधारणा होते. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो गोडी छाटणी घेतो. मग डोळे फुटतात, घड बाहेर पडतात आणि मणी पिकतात ते थेट हिवाळ्यात, थंड रात्री आणि कोरड्या दिवसांत. काढणी जानेवारी ते मार्च. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि सप्टेंबरात घड देते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून माणसानं दोन छाटण्यांतून एक पीक घेण्याची पद्धत बसवली. हे युरोपचं अनुकरण कुठून झालं? युरोपच्या पुस्तकात हे नव्हतंच.

आणि हे करणारी माणसं प्रयोगशाळेतच बसलेली नव्हती. तास-ए-गणेश ही जात तासगाव भागातल्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसच्या बागेतून निवडून काढली. सोनाका नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी. दोघेही शेतकरी. बागेत हजारो वेली असताना एका वेलीचा घड वेगळा आहे हे ज्याला दिसतं, तो माणूस आपल्या मातीचा कैदी असतो का? महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या सभांत होणारी चर्चा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या शेतकऱ्यांची नोंद ठेवण्याची शिस्त माहीत आहे. वाइनच्या द्राक्षाची मागणी तर उलटी आहे: खाण्याच्या द्राक्षाला जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) बुडवण्या देऊन मणी फुगवायचा, वाइनच्या द्राक्षात मणी लहान आणि साल भरीव ठेवायची, एकरी उतारा मुद्दाम कमी धरायचा. तेही ही माणसं शिकली.

नाशिक अपवाद आहे, हा पुढचा मुद्दा. राजीव सामंत अमेरिकेत शिकून, तिथे नोकरी करून परतले आणि नाशिकजवळ वडिलांच्या जमिनीवर त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. मदतीला होते केरी डॅम्स्की, कॅलिफोर्नियाचे वाइनमेकर. सामंतांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून कर माफ केला, परवाने सोपे केले. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी विचारतो, नाशिकची माती २००० साली नव्यानं तयार झाली का? लाव्हाचा हा काळा दगड कोट्यवधी वर्षं तिथेच होता, गोदावरीही होती, मुंबईही जागेवर होती. नवं आलं ते माणसांचं धाडस, परदेशी जाणकाराची विद्या आणि सरकारचं धोरण. या तिन्ही गोष्टी मातीत सापडत नाहीत.

अपवाद म्हणावा तर तो किती ठिकाणी सापडावा? नाशिकच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजनं शॅम्पेन प्रांतातल्या तंत्रज्ञांची मदत घेऊन फेसाळ वाइन बनवली आणि ती 'ओमर खय्याम' नावानं युरोपात विकली. सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या अकलूजमध्ये, मोहिते-पाटील कुटुंब आणि इटालियन भागीदार यांच्या फ्रातेल्लीचे मळे आहेत. तिथे टस्कनीचे पिएरो मासी वाइन बनवायला आले. आणि ज्या फ्रान्सची आपण एवढी धास्ती घेतो त्या फ्रान्सनं काय केलं? मोएत हेनेसी या शॅम्पेनच्या बलाढ्य घराण्यानं दिंडोरीला स्वतःचा कारखाना उभारला आणि २०१३ साली इथल्या द्राक्षांची 'शांदों' ही फेसाळ वाइन बाजारात आणली. फ्रेंच कंपनी आपलं नाव आणि भांडवल दिंडोरीच्या द्राक्षावर लावायला तयार होते, आणि आमचा शिकलेला माणूस बुलढाण्यात बसून म्हणतो की ही माती वाइनची नव्हे. फ्रेंचांपेक्षा फ्रान्सची राखण आम्हीच जास्त करायची, हे कुणी शिकवलं आम्हाला?

इथे समोरची बाजू तिचं सर्वांत मोठं हत्यार काढते, आणि ते खरं हत्यार आहे. २००९-१० च्या सुमाराला महाराष्ट्रातला वाइन उद्योग कोसळला. इंडेज कर्जाखाली बंद पडली, साठे पडून राहिले, कारखान्यांनी द्राक्षं उचलली नाहीत, शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडल्या आणि पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. ज्यांच्या हातात ते घड राहिले त्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण ती बाग मातीनं बुडवली का? घड तर लागले होते, पिकलेही होते. बुडवलं ते उधळलेल्या कर्जांनी, घाईनं वाढवलेल्या उत्पादनानं आणि शेतकऱ्याच्या बाजूनं एकही घट्ट कलम नसलेल्या खरेदी करारांनी. हा अनुभव सांगणाऱ्यानं करार मागावेत, हमी मागावी, थकबाकीवर व्याज मागावं. तो माती का पुढे करतो? मातीला जबाबदार धरलं की कुठल्याच माणसाला जबाब द्यावा लागत नाही, म्हणून?

दारूचा मुद्दा मी टाळणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी रान उठवलं आणि ते प्रकरण तिथेच अडलं. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून उभ्या राहणाऱ्या बायांच्या बाजूनं मी आहे, आणि किराणा दुकानात बाटली नको या म्हणण्यातही मला काही चूक दिसत नाही. पण विक्री कुठे व्हावी हा एक प्रश्न आहे, आणि आमचा माणूस कच्च्या मालापलीकडे काही बनवू शकतो की नाही हा दुसरा. शिवाय हे दोन आक्षेप एकत्र उभेच राहू शकत नाहीत. माती नालायक असेल तर वाइनची भीती कशाला? आणि भीती खरी असेल तर माती लायक आहे, हे तुम्हीच मान्य केलंत. द्राक्षाला वाइनशिवायही वाटा आहेत. सांगलीच्या बेदाण्यानं ते दाखवून दिलं आहे.

आता घरचं बोलतो, कारण सगळा वाद मला इथे आणायचा होता. 'ज्याच्या मातीत जे पिकतं ते त्यानं पिकवावं' हा उपदेश या जिल्ह्याला नवा नाही. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले ते जलंबहून खामगावपर्यंत टाकलेल्या रेल्वेच्या उद्घाटनाला. रूळ कशासाठी टाकले होते? वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना जावा म्हणून. खामगावची बाजारपेठ मोठी झाली, जिनिंग-प्रेसिंग आलं, दलाल श्रीमंत झाले. कापड मात्र दुसरीकडे विणलं गेलं, त्यावरचं नावही दुसऱ्याचं होतं. तेव्हाही सांगितलं गेलं की ही काळी माती कापसासाठीच आहे. दीडशे वर्षं आम्ही ते ऐकलं आणि पाळलं. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना विशेष पॅकेज जाहीर केलं, त्यांत बुलढाणा होता. मातीचा उपदेश पाळण्याचं हे फळ असेल, तर तो उपदेश पुन्हा कुठल्या तोंडानं केला जातो?

आणि हात कमी पडतात, कसब नाही, असंही नाही. देऊळगाव राजा आणि सिंदखेडराजा या तालुक्यांत शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बियाणं तयार होतं. तिथल्या बाया फूल उमलण्याआधी चिमट्यानं त्यातले पुंकेसर काढतात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर लावतात, खूण बांधतात. एका फुलाची चूक झाली तर बियाण्याची शुद्धता जाते. हे काम फार नाजूक आहे, आणि ते वर्षानुवर्षं बिनचूक होतं. पाकिटावर नाव येतं ते कंपनीचं. गावाचं नाव नाही, त्या बाईचंही नाही. या बायांना द्राक्षाच्या घडातली विरळणी जमणार नाही, असं कुणी म्हणेल का? नापात १९७० च्या आधी जे होतं तेच आमच्याकडे आज आहे: काम येणारे हात आणि नाव नसलेला माल.

मातीचंही सांगतो, कारण 'आपली माती' असं म्हणणाऱ्यांनी ती पाहिलेली नसते. बुलढाणा जिल्ह्यात एकच माती आहे का? घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी जमीन आणि त्यात खारपाणपट्टा. तिथे वेल लावा असं मी सांगणार नाही, निचराच नाही. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या वर सातपुड्याचा पायथा, तो वेगळा. आणि घाटावर, अजिंठ्याच्या रांगेवर, कमी खोलीची, मुरमाड, पाणी सोडणारी हलकी रानं. बुलढाणा शहर तर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच, म्हणजे नाशिकच्याही थोडं वर. वेलीला निचरा हवा असतो आणि थंड रात्र हवी असते. दोन्ही घाटावर मिळतात. याचा अर्थ उद्या सगळ्यांनी सोयाबीन मोडून द्राक्ष लावावं असा होत नाही. याचा अर्थ एवढाच की उत्तर तपासल्याशिवाय दिलं जात आहे.

पाण्याची अडचण मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण तिच्यावरचा तोडगा आमच्या सीमेपलीकडे दिसतो. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारानं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं १९९० च्या दशकात पाणलोटाचं काम झालं. बांध, चर, मग शेततळी, मग ठिबक. आज ते गाव खाण्याच्या द्राक्षासाठी ओळखलं जातं. पाऊस आमच्यासारखाच, खडक तोच, बाजारही तोच. आणि तलाव-नाल्यांतला गाळ आणि मुरूम महामार्गाच्या कामाला वापरून त्या खड्ड्यांत पाणी साठवायची जी रीत देशभर 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून सांगितली जाते, ती याच जिल्ह्याची आहे. माती उकरून पाणी अडवण्यात देशाला वाट दाखवणाऱ्या जिल्ह्यानं पिकाच्या बाबतीत मातीपुढे हात टेकावेत, हे मला मुळीच पटत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे, जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रांकडे आणि ज्यांच्याकडे घाटावर पाण्याची सोय असलेली हलकी जमीन आहे अशा शेतकऱ्यांकडे आहे. मोताळ्याच्या वरच्या अंगाला, चिखलीत, देऊळगाव राजात एकेक एकर प्रयोगाला काढा. डॉगरिजवर आणि ११० आरवर शेनॉन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ लावा. सोबत बेदाण्याची एक जात लावा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातून माणूस बोलवा. छाटणीची तारीख, रात्रीचं तापमान, दिलेलं पाणी, मण्यातली साखर आणि आम्लता, एकरी खर्च, हे सगळं हंगामामागून हंगाम लिहा आणि गावातल्या फलकावर लावा. खरेदीदार आला तर थकबाकीच्या व्याजासह करार लिहून घ्या, आणि बाटलीवर किंवा पाकिटावर गावाचं नाव छापण्याची अट त्यात घाला. मग त्यातली बाटली नाशिकच्या आणि बोर्दोच्या बाटलीशेजारी लेबल झाकून ठेवा. हे सगळं करूनही हरलो तर त्या नोंदींसह हरू, आणि कशात हरलो ते आम्हाला सांगता येईल. ते होईपर्यंत 'तिथली माती वेगळी' असं जो म्हणेल, त्याला मी दर वेळी एकच विचारणार आहे: तुम्ही आपली तपासलीत कधी?